सहासष्ट वॅटचं वाण

यंदाच्या धोंड्याच्या महिन्यात भुजंगरावांना सासरहून काय काय येणं होतं, ते आधी बघू. एक शर्टपीस-पँटपीस. टॉवेल-टोपी. चांदीचं निरांजन, वजनाला फार नाही, पण चांदीचं. तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे. ही झाली दिसणारी जमा. न दिसणारी जमा याच्या कितीतरी पट मोठी होती आणि भुजंगरावांचा खरा जीव तिच्यातच होता: अंबडहून राजूरच्या गणपतीला जाताना सासू-सासरे बसणार कुणाच्या गाडीत?

बारा वर्षं हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. संपतरावांच्या घरची रीत अशी, की अधिक महिन्यात जावयाला सकाळी ओवाळून वाण द्यायचं, पुरणाचे धोंडे डब्यात बांधून घ्यायचे, राजूरला अभिषेक करून नैवेद्य दाखवायचा आणि तिथंच पंगत मांडायची. अभिषेकाला थोरले लेक-जावई बसायचे. संपतराव आणि द्वारकाबाई थोरल्या जावयाच्या गाडीतून जायचे-यायचे. भुजंगराव नवीन जालन्यात राहायचे, विज्ञानाचे शिक्षक होते. राजूर जालन्याच्या एका अंगाला आणि अंबड दुसऱ्या. म्हणजे सासू-सासऱ्यांना आणायला आधी उलटं तीस किलोमीटर अंबडला जायचं, मग तेवढंच परत यायचं, मग पुढं राजूर. दुसरा एखादा पेट्रोलचा हिशोब सांगत बसला असता. भुजंगरावांनी कधी चकार शब्द काढला नाही. आपल्या गाडीत सासू-सासरे बसलेले आहेत आणि रस्त्यातले ओळखीचे लोक हात करून ऱ्हायलेत, यात जो नफा होता तो पेट्रोलच्या कैक पट होता.

आणि दोन वर्षांपूर्वी धाकट्या अर्पिताचं लग्न झालं.

धाकटा जावई आदिनाथ बियाणं कंपनीत होता. वय एकतीस. गाडी नवी, उंच, करड्या रंगाची. भुजंगरावांची पांढरी छोटी गाडी तिच्या शेजारी उभी केली की तिचं पिल्लू वाटायची. आदिनाथ दिसायला बरा, बोलायला गोड, आणि या दोन्हीपेक्षा वाईट गोष्ट म्हणजे माणूस खरोखर चांगला होता. त्याच्यात खोट सापडत नव्हती. भुजंगरावांनी शोधायची बाकी ठेवली नव्हती. जेवताना तो ताट स्वतः उचलायचा. भुजंगरावांनी याची नोंद ‘दिखाऊपणा’ अशी केली. सासऱ्याचं औषध संपायच्या आत आणून द्यायचा, ‘पुढंपुढं करणं.’ आदिनाथ काही विनोद बोलला की द्वारकाबाईंचे दोन दात जास्त दिसायचे. हेही भुजंगरावांनी मोजलं होतं.

त्याची नवी गाडी दारात आली त्या महिन्यात भुजंगरावांनी हप्त्यावर मोबाईल घेतला. आदिनाथच्या मोबाईलच्या तिप्पट किमतीचा. गाडीला उत्तर म्हणून मोबाईल हे जरा तोकडंच पडतं, पण खिशातून काढून टेबलावर ठेवता येतो, एवढं त्याला होतं.

आता हा आदिनाथचा पहिला धोंडा. पहिल्या धोंड्याला नव्या जावयाचा मान मोठा. कुणी अंगठी घालतं, कुणी गोफ. भुजंगराव महिनाभर बायकोच्या मागं लागले होते.

“तुझी आई त्याला अंगठी घालणार असेल.”

“अहो, मला काय माहीत?”

“विचार ना मंग. मी नाही म्हणत मला पाहिजे. नुसतं विचार.”

दैवशालानं शेवटी विचारलं. द्वारकाबाईंनी फोन स्पीकरवर आहे हे ओळखून जरा मोठ्यानंच सांगितलं, “दोन लेकी, दोन जावई, दोघांना बराबर. सुताचाबी फरक करायची न्हाई मी. सांग त्यांना.”

भुजंगरावांना त्या रात्री छान झोप लागली.

वाणात या वर्षी एक जिन्नस वाढला, तो दैवशालाच्या सांगण्यावरून. आदिनाथच्या गाडीत आहे तसं आपल्या गाडीत मोबाईल लावायला काही नाही, ही भुजंगरावांची कुरकूर तिनं वर्षभर ऐकली होती. त्यात आदिनाथच्या गाडीतला चार्जरही गेल्याच महिन्यात जळाल्याचं अर्पिता म्हणाली. दैवशालानं आईला सुचवलं, दोघांनाही गाडीत लावायचा चार्जर दे. उपयोगाची वस्तू आहे. द्वारकाबाई एकट्या एसटीनं जालन्याला आल्या, स्टेशनच्या रस्त्यावरच्या एका दुकानातून दोन चार्जर घेऊन गेल्या. एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे, एकाच खोक्यातले.

तर त्या दिवशी सकाळी साडेसातला अंबडच्या घरात दोन पाट, दोन रांगोळ्या, दोन ताटं. द्वारकाबाईंनी आधी भुजंगरावांना ओवाळलं, मग आदिनाथला. अनारसे मोजून तेहतीस-तेहतीस. भुजंगरावांनी डोळ्यानंच मोजले, त्याच्या ताटातलेसुद्धा. निरांजनं एका मापाची. आणि शेवटी दोन चौकोनी डब्या.

“आरं वा मामी!” आदिनाथनं डबी उघडली. “सहासष्ट वॅट! भारीतला आणलाय की तुम्ही.”

“मला काय कळतंय त्यातलं,” द्वारकाबाई म्हणाल्या. “दोन्ही सारखे हायेत एवढं खरं.”

भुजंगरावांनी आपली डबी फिरवून वाचली. सहासष्ट वॅट. मग गळा साफ करून म्हणाले, “वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. ज्याचे वॅट सारखे त्याचा वेग सारखा.”

“सर सांगतेत म्हणल्यावर बराबर असणार,” संपतराव म्हणाले. संपतराव अंबडच्या कोर्टात बेलिफ होते. तीस वर्षं लोकांच्या दारांना समन्स चिकटवून रिटायर झाले होते. कागदावर छापलेलं आणि सरांनी सांगितलेलं, यावर ते वाद घालत नसत.

आठ वाजता निघाले. पुढं भुजंगरावांची गाडी, त्यांच्या शेजारी संपतराव, मागं दैवशाला आणि द्वारकाबाई, मांडीवर धोंड्यांचा डबा. मागून आदिनाथ आणि अर्पिता, दोघंच, एवढ्या मोठ्या गाडीत. आरशात ते रिकामं मागचं सीट दिसत होतं आणि जेठाच्या उन्हातही भुजंगरावांना गार वाटत होतं.

नवा चार्जर त्यांनी गाडीच्या सॉकेटमध्ये खोचला, मोबाईल लावला. पडद्यावर आलं: पूर्ण होण्यास दोन तास चोवीस मिनिटं. नवीन आहे, सुरुवातीला वेळ घेत असेल, असं त्यांनी ठरवलं.

जालन्याच्या अलीकडं चहाला थांबले. आदिनाथ गाडीतून उतरला तोच मोबाईल हातात घेऊन.

“दादा, तुमचा किती झाला? माझा अंबडला अठरा टक्के होता. हे बघा, एक्क्याऐंशी! नुसते आकडे पळून ऱ्हायलेत.”

खरंच पळत होते. त्याच्या पडद्यावर टक्क्यांचा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत धावत होता, पेट्रोल पंपाच्या मीटरसारखा. भुजंगरावांनी आपला मोबाईल खिशात उलटा टाकला.

“माझा भरलेलाच होता,” ते म्हणाले. एकतीसचा अडतीस झाला होता.

तेवढ्यात संपतरावांना गुरुजींना फोन करायचं आठवलं. अभिषेकाची वेळ ठरवायची होती आणि गुरुजींचा नंबर फक्त त्यांच्याच मोबाईलमध्ये. त्यांनी मोबाईल काढला, तर चार टक्के.

“भुजंगराव, हा जरा लावता का तुमच्या त्या मशिनीला?”

भुजंगरावांनी तत्परतेनं घेतला. वायर पुढं केली. बसेना. संपतरावांचा मोबाईल सात वर्षांचा, त्याची जुनी बारीक पिन. आणि भुजंगरावांच्या महागड्या मोबाईलची वायर दोन्ही टोकांना नव्या पद्धतीची. त्यांनी एकदा सुलटी लावून बघितली, एकदा उलटी, एकदा जरा जोर देऊन.

“तोडता का काय त्यायचा मोबाईल?” दैवशाला हळूच म्हणाली.

“मामा, माझ्याकडं तीन तोंडांची वायर आहे,” आदिनाथ म्हणाला. “जुनी पिन, नवी पिन, सगळं लागतं. तुम्ही या माझ्या गाडीत, राजूरपर्यंत भरून जाईल. बोलता बोलता गुरुजींना फोनही होईल.”

आणि झालं. संपतराव उठून करड्या गाडीकडं निघाले. दहा पावलांवर जाऊन त्यांनी वळून बायकोला हाक मारली, “अगं, तूबी ये. ती यादी तुझ्याजवळ है ना पूजेच्या सामानाची?” द्वारकाबाई डबा घेऊन गेल्या. उंच गाडीत चढायला आदिनाथनं त्यांना हात दिला. दार बंद झालं ते आवाजसुद्धा न करता. भुजंगरावांच्या गाडीचं दार दोनदा आपटावं लागायचं.

राजूरची वाट लागली. दैवशाला म्हणाली, “परत येताना बसतील की आपल्याकडं.” भुजंगरावांचं डोकं मात्र कामाला लागलं होतं. वॅट सारखे. गाड्यांची बॅटरी सारखी, बारा व्होल्टची. मोबाईल तर आपला तिप्पट भारी. मग उरलं काय? उरला चार्जर. दोन डब्या सारख्या दिसतात, पण आतला माल? बाजारात काय कमी डुप्लिकेट आहे? सासूबाईंनी मुद्दाम केलं असेल असं नाही. पण हातात दोन डब्या आल्यावर कुठली कुणाच्या ताटात ठेवायची, हे शेवटी हात ठरवतो, आणि हाताला माया कुणाची ते कळतं. बारा वर्षांचा जावई जुना झाला, दोन वर्षांचा नवा. सगळं जुळलं. विज्ञानाच्या शिक्षकाला एवढी सरळ सिद्धता फार दिवसांत मिळाली नव्हती.

राजूरला गाड्या लावल्या. उन्हानं पत्रे तापले होते. गुरुजी वर वाट बघत होते, मोबाईल लागला होता ना. सगळे पूजेचं सामान घेऊन पायऱ्यांकडं निघाले आणि भुजंगरावांनी गुडघा धरला.

“काय झालं?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“काही नाही मामी. गुडघा. गाडी चालवून धरला. मी बसतो इथंच, गाड्यांजवळ. तुम्ही करून या.”

“अहो, अभिषेकाला आपण बसायचंय,” दैवशाला म्हणाली.

हे भुजंगरावांच्या लक्षातच राहिलं नव्हतं. चार्जरच्या नादात अभिषेकाचा पाट हातचा चालला होता. पण गुडघा एकदा धरला की लगेच सोडता येत नाही.

“मंग आता अर्पी अन् आदिनाथ बसतील,” द्वारकाबाई म्हणाल्या. “देवाला काय, लेकरंच सगळी. तुम्ही आराम करा भुजंगराव.”

“दादा, ही चावी,” आदिनाथनं जाता जाता किल्ली दिली. “ऊन लागायला लागलं तर आत बसा एसी लावून. सावली सरकली तर गाडी सरकवा.”

दैवशालानं नवऱ्याकडं एकदा बघितलं. तिला तो गुडघा बारा वर्षांत कधी भेटला नव्हता.

ती सगळी वर दिसेनाशी झाल्यावर भुजंगरावांनी आजूबाजूला बघितलं. नारळवाला गिऱ्हाईकात होता. त्यांनी करड्या गाडीचं दार उघडलं. आत अत्तराचा वास, सीटला कव्हर, समोर चार्जर. छोटासा, काळा, अंगठ्याएवढा. तो उपटला. आपल्या गाडीतला उपटून आणला, तिथं खोचला. त्याचा आपल्याकडं. सगळं मिळून एक मिनिटही गेलं नसेल. चोरी म्हणावं तर काही कमी झालं नव्हतं. एकाच्या जागी एक होता. भुजंगराव स्वतःला म्हणाले, माझंच होतं ते मी घेतलं.

वरून घंटेचा आवाज आला. तिथं त्यांच्या पाटावर बसून आदिनाथ दूध सोडत असेल, आणि सासूबाई बघत असतील, दोन दात जास्त दाखवत. त्यांना एकदा वाटलं, पळत जावं. मग गुडघा आठवला.

पंगत झाली. धोंडे चांगले झाले होते. भुजंगरावांनी तीन खाल्ले, आदिनाथनं चार. आग्रह दोघांनाही सारखाच झाला होता, पण चौथा आदिनाथच्या ताटात पडताना जी खुशी होती ती आपल्या तिसऱ्याला नव्हती, असं भुजंगरावांना दिसलं.

परतताना त्यांनी संपतरावांना गाठलं. “मामा, आता इकडं बसा. माझ्या गाडीतही बरोबर चार्ज होतो आता.”

“आता म्हंजे? आधी होत नव्हता का?”

“होत होता. म्हणजे… या तुम्ही.”

संपतराव आले, द्वारकाबाई आल्या. मागचं सीट भरलं. करडी गाडी आरशात पुन्हा रिकामी दिसली. भुजंगरावांनी गाडी सुरू केली आणि मोबाईल लावला.

पूर्ण होण्यास दोन तास सतरा मिनिटं.

त्यांनी वायर काढून पुन्हा लावली. दोन तास सतरा. चार्जर काढून पुन्हा दाबला. मोबाईल पँटला पुसला. दोन तास अठरा.

“गुडघा कसा है आता?” मागून द्वारकाबाईंनी विचारलं.

“बरा आहे,” म्हणत भुजंगरावांनी डावा गुडघा दाबला.

“उजवा धरला होता ना मघाशी?” संपतराव म्हणाले. बेलिफाची नजर.

भुजंगरावांचं लक्षच नव्हतं. एक हात स्टिअरिंगवर, एक वायरवर, डोळे पडद्यावर. गाडी जरा डावीकडं गेली, जरा उजवीकडं.

“भुजंगराव, रस्त्याकडं बघा हो,” द्वारकाबाई म्हणाल्या. “देवाचं करून चाललोय, वाटेत नवस बोलायला लावू नका.”

त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. मागून करडी गाडीही थांबली. आदिनाथ पळत आला. “काय झालं दादा? पंक्चर?”

“तुझा मोबाईल दाखव.”

“माझा?”

“किती टक्के?”

आदिनाथनं खिशातून काढला. “पंगतीत फोटो काढले सगळे, तेव्हा चाळीसवर आलता. आता एकसष्ट. का बरं?”

“एवढ्याशा वाटेत वीस टक्के? असं कसं होईल? कसं काय?” भुजंगरावांचा आवाज वर्गातल्यासारखा चढला. “तुझ्या गाडीत तर माझा चार्जर आहे!”

रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला.

“तुमचा कसा काय दाजी?” अर्पितानं विचारलं. तीही उतरून आली होती. “तुमचा तुमच्या गाडीत. हा काय.”

भुजंगराव वायर गुंडाळायला लागले. दैवशालाला मात्र सगळं एका दमात कळलं. तिनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं आणि म्हणाली, “गुडघा.”

“आं?” संपतराव म्हणाले.

“काही न्हाई बाबा. यायचा गुडघा कशानं दुखला ते कळलं.”

मग संपतरावांनाही कळलं, आणि शेवटी आदिनाथलाही. त्यानं काही राग धरला नाही. तो हसला, आणि दोन्ही गाड्यांतले दोन्ही चार्जर काढून तळहातावर घेऊन आला. “अहो दादा, मागितला असता तर दिला असता ना. त्यात काय एवढं? सांगा, कोणता पाहिजे?”

दोन काळे अंगठे शेजारी शेजारी पडले होते. कोणता कुणाचा ते आता देवालाही सांगता आलं नसतं. आदिनाथच्या त्या हसण्यापेक्षा त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर भुजंगरावांना परवडलं असतं.

“एकात खोट आहे,” ते तरीही म्हणाले. “मला एकदा कळू द्या कोणत्यात.”

“कशातच न्हाई,” द्वारकाबाई म्हणाल्या.

त्या गाडीतून उतरल्या नव्हत्या. डबा मांडीवर धरून, समोर बघत बोलत होत्या.

“दुकानातल्या पोरीनं मला इचारलं होतं. म्हणली, आजी, मोबाईल कोणते हायेत जावयांचे? मी म्हणलं, काय करायचं तुला? तर म्हणली, चार्जर अन् मोबाईल आधी एकमेकाची ओळख इचारतेत. ओळख पटली तर भराभर वीज देतो, न्हाई पटली तर जिवापुरती देतो. हा चार्जर एका कंपनीच्या मोबाईलला पळवतो, दुसऱ्याला चालवतो. भारीतल्या मोबाईलला येगळा लागतो. किंमत तीच, म्हणली, एक हा न्या, एक तो न्या. दोघंबी खूश.”

“मग?” भुजंगराव म्हणाले.

“मंग काय. मी दोन्ही डब्या हातात घेतल्या. एक काळी, एक पांढरी. म्हणलं, बाई, हे न्हाई जमायचं. पांढरा दिला तर आमचे थोरले जावई म्हणतील, त्याला काळा का दिला. अन् काळा दिला तर म्हणतील, त्याला पांढरा का. दोन्ही एकसारखेच दे. ती पोरगी लई सांगत ऱ्हायली. मीच ऐकलं न्हाई.” त्यांनी आता जावयाकडं बघितलं. “अंगठीचं इचारायला तुम्ही महिनाभर लेकीला छळलं, ते काय मला कळलं न्हाई? तुमच्या भ्यानं दोन्ही काळे घेतले मी भुजंगराव. न्हाई तर तुमचा मोबाईलबी पळाला असता.”

आदिनाथ हसायचा थांबला.

विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला इथं म्हणण्यासारखं एखादं वाक्य सुचायला हवं होतं. भुजंगरावांना सुचलं ते असं: “मग त्याच्याच मोबाईलला जुळणारा का घेतला? माझ्याला जुळणारे दोन का नाही घेतले?”

दैवशालानं कपाळावर हात मारला. हे वाक्य तोंडातून निघालं नसतं, तर कदाचित दिवस अजूनही सावरला असता. द्वारकाबाई जावयाकडं बघतच राहिल्या. मग पदर नीट करून एवढंच म्हणाल्या, “चला. ऊन व्हायलंय.”

जालन्यापर्यंत त्या भुजंगरावांच्याच गाडीत बसल्या. मध्येच उतरून जावयाचा पाणउतारा करण्यातल्या त्या नव्हत्या. भुजंगरावांना वाटलं, मिटलं. बसस्थानकाजवळ आल्यावर त्या म्हणाल्या, “घ्या जरा बाजूला.”

“काही घ्यायचंय का मामी?”

“न्हाई. अंबडची गाडी लागली असंल. आम्ही जातो.”

“एसटीनं?” भुजंगराव अक्षरशः सीटवरून उठले. “अहो मी सोडतो की. बारा वर्षं मीच सोडतो ना?”

आदिनाथही आला. “मामी, असं काय करता? चला माझ्याकडं. मी सोडतो.”

“न्हाई बाबा,” द्वारकाबाई त्याला म्हणाल्या, आणि तेवढ्याच मायेनं म्हणाल्या, हे भुजंगरावांनी टिपलं. “तुझ्या गाडीत बसले तर यांच्या पोटात दुखंल. यांच्या गाडीत बसले तर हे मनात तुझ्या गाडीशी तुलना करत चालवतेल, अन् गाडी रस्त्याच्या खाली घालतेल. एसटी दोघांनाबी बराबर. इथून पुढं येणं-जाणं असंच. धोंडा असो का दिवाळी.”

“माझं काय चुकलं यात?” आदिनाथनं विचारलं.

“काहीच न्हाई. पण एकाचं काढलं की दुसऱ्याचंबी काढावं लागतंय. मी बराबर म्हणून बसले ना.”

संपतराव आपला सात वर्षांचा, अजून अर्धा भरलेला मोबाईल खिशात घालून उतरले. मागून दैवशाला उतरली, पर्स खांद्याला लावत.

“तू कुठं?” भुजंगरावांनी विचारलं.

“अंबडला. चार दिवस ऱ्हाते आईपाशी.”

“असं मधेच?”

“मधेच न्हाई. बारा वर्षं गाडीत मागं आईजवळ बसून जेवढं बोलता यायचं तेवढं बोलून घ्यायचे मी, तुम्ही पुढं सरळ बघून चालवायचे तेव्हा. ते बी आता न्हाई ऱ्हायलं. मंग जाते घरीच.” तिनं मग जरा मऊ आवाजात सांगितलं, “भात कुकरला लावा. दोन शिट्ट्या.”

भुजंगराव गाडीजवळ उभे राहिले. त्यांच्या शेजारी आदिनाथ, त्याच्या तळहातावर अजून ते दोन चार्जर. त्यानं एक पुढं केला. भुजंगरावांनी घेतला. घेताना, इतकं सगळं झाल्यावरही, त्यांनी दुसऱ्याकडं एक नजर टाकलीच.

आता कुणी काय भरलं ते बघू. चार्जरचे पैसे द्वारकाबाईंनी भरले होते, दोन्हींचे. अभिषेकाचं पुण्य आदिनाथ-अर्पिताला मिळालं, पण सासू-सासऱ्यांचा शेजार काहीच न करता गेला. संपतरावांना थंड गाडी सोडून जेठाच्या उन्हात खिडकीची जागा मिळाली. भुजंगरावांचं मागचं सीट रिकामं झालं, आणि मोबाईल पूर्ण व्हायला अजून दोन तास होते. अंबडच्या गाडीत कंडक्टर आला. एक म्हातारा, दोन बायका. तिघांचीही अर्धीच तिकिटं निघाली. पैसे दैवशालानं दिले.